समजून घ्या : गावोगावच्या व्याख्यानमालांमागे कोण होते? न्यायमूर्ती रानडे, वसंत व्याख्यानमाला आणि नगरचा कर्जबाजारी शेतकरी

वाचनालयाच्या सभागृहात संध्याकाळी सहाचे व्याख्यान, समोर शंभर-दोनशे खुर्च्या, शेवटी आभार आणि चहा. अहिल्यानगर, म्हणजे जुन्या अहमदनगर जिल्ह्यात हे चित्र नवे नाही. नगरचे जिल्हा वाचनालय आपली परंपरा १८३८ पर्यंत मागे नेते. संगमनेरला कवी अनंत फंदी यांच्या नावाने व्याख्यानमाला भरते. १९९७ मध्ये ७०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नगरमध्येच झाले होते.

ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी एका विषयावर जाणकाराने बोलायचे आणि कोणीही येऊन ऐकायचे, ही पद्धत महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांत एक नाव अगदी वरचे आहे. ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला त्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. २०२५ मध्ये तिला दीडशे वर्षे झाली. त्याच १८७५ च्या मे महिन्यात पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांची कर्जखते जाळत होते. पुढे याच शेतकऱ्यांच्या कर्जाचे खटले तपासायचे काम रानडे यांच्याकडे आले. सभागृहातली भाषणे आणि गावातली खते यांच्यामधले अंतर रानडे यांना आयुष्यभर कापावे लागले. ते किती कापले गेले, यावर त्यांच्या हयातीतच वाद झाला.

थोडक्यात

• जन्म १८ जानेवारी १८४२, निफाड (जि. नाशिक). निधन १६ जानेवारी १९०१, मुंबई.
• मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत (१८५९) उत्तीर्ण झालेल्या २१ जणांपैकी एक.
• १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला, १८७८ मध्ये मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन.
• शेतकरी कर्जनिवारण कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून नगर, पुणे, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांशी थेट संबंध.
• महात्मा फुले यांनी त्यांच्या भाषणाला आणि संमेलनाला उघड आव्हान दिले.

कमी बोलणारा मुलगा

ज्यांच्या नावावर महाराष्ट्रातली सर्वांत जुनी व्याख्यानमाला आहे, ते लहानपणी फार कमी बोलत. मुलगा मंद आहे की काय, अशी काळजी आईला वाटे, असे त्यांच्या चरित्रांत येते. आणखी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. कुटुंब बैलगाडीने कोल्हापूरकडे निघाले असताना रात्री झोपेत हा लहान मुलगा गाडीतून खाली पडला. गाडी पुढे निघून गेली. मागून घोड्यावरून येणाऱ्या काकांना त्याची हाक ऐकू आली, म्हणून तो वाचला.

वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते. सुरुवातीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. १८५६ मध्ये रानडे मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ ची मॅट्रिक, १८६२ ची बी.ए., १८६४ ची एम.ए. आणि १८६६ ची एलएल.बी. अशा सगळ्या परीक्षा त्यांनी विद्यापीठाच्या अगदी पहिल्या तुकड्यांतून दिल्या. बी.ए.च्या पहिल्या तुकडीत त्यांच्याबरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

या वर्षांत त्यांनी इतके वाचले की डोळे बिघडले. दृष्टीचा त्रास पुढे आयुष्यभर राहिला. अनेकदा दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे आणि रानडे यांनी ऐकायचे, असा क्रम चाले. ऐकून शिकणे हा त्यांच्यासाठी रोजचा व्यवहार होता. ज्याला वाचता येत नाही किंवा पुस्तक विकत घेता येत नाही, त्याच्यापर्यंत ज्ञान कानाने पोहोचवता येते, याचा अनुभव त्यांच्या घरातच होता.

पुण्यात काय बदलले?

भाषांतरकार, अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानांतली कामे, एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन अशा नोकऱ्या करून रानडे १८७१ मध्ये पुण्यात प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. आदल्याच वर्षी, २ एप्रिल १८७० रोजी, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी पुणे सार्वजनिक सभा सुरू केली होती. सरकारी नोकर असल्याने रानडे यांना उघड राजकारण करता येत नव्हते. अभ्यास, मसुदे, आकडेवारी आणि मार्गदर्शन ही बाजू त्यांनी सांभाळली. १८७८ पासून निघालेल्या सभेच्या इंग्रजी त्रैमासिकात त्यांचे लेखन मोठ्या प्रमाणावर असे.

पुण्यात आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी व्यापार आणि देशी उद्योग या विषयांवर मराठीतून व्याख्याने दिली. अर्थशास्त्रासारखा विषय तेव्हा इंग्रजी पुस्तकांत बंद होता. परदेशी माल आल्याने इथला कारागीर का बसला, भांडवल कसे उभे राहते, हे त्यांनी बाजारपेठेच्या भाषेत सांगितले. त्याच काळात सार्वजनिक काकांनी हातकताईच्या कापडाचे व्रत घेतले. १८७७ च्या दिल्ली दरबारालाही ते खादी घालूनच गेले.

व्याख्यानासाठी पुणे तयार होते. १८४८ मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, यांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले होते. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. पुस्तके आणि वर्तमानपत्रे एका जागी मिळू लागली होती. पण ती वाचून त्यावर बोलणारा आणि ऐकणारा वर्ग एकत्र आणायची सोय अजून व्हायची होती.

मे १८७५ : एकाच महिन्यातल्या दोन गोष्टी

वसंत व्याख्यानमाला १८७५ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. वेळ विचारपूर्वक निवडलेली होती. मे महिन्यात न्यायालये आणि शाळांना सुटी असे. वकील, मामलेदार, शिक्षक, विद्यार्थी अशी जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेली शिकलेली मंडळी या दिवसांत पुण्यात येत. संध्याकाळ मोकळी असे. वक्तेही याच मंडळींतून मिळत. वेगळा खर्च न करता श्रोता आणि वक्ता एकाच गावात सापडण्याचा हा काळ होता.

त्याच महिन्यात, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. उठाव लवकरच नगर जिल्ह्यात पसरला. पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतली गावे त्यात होती. इतिहासात हे दख्खनचे दंगे म्हणून ओळखले जातात. नाव दंग्यांचे असले तरी बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांचा रोख माणसांवर नव्हता. त्यांना हवी होती ती खते, रोखे आणि हिशेबाच्या वह्या. कागद हाती आले की ते जाळले जात.

कागदच का? याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसाला मोठा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने फेरपाहणी करून शेतसारा वाढवला. शेतकरी जुने कर्ज फेडायला नवे खत लिहून देऊ लागला. खतावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. किती रक्कम मिळाली, व्याज किती, जमीन गहाण की विक्री, हे लिहिणारा ठरवी आणि शेतकरी निशाणी करी. न्यायालयात मात्र तो कागद हाच पुरावा होता.

म्हणजे एका बाजूला पुण्यात शिकलेल्या लोकांसाठी ज्ञानाचे नवे दालन उघडत होते आणि दुसऱ्या बाजूला ऐंशी-शंभर किलोमीटरवर न वाचता आलेल्या कागदापायी माणसांची जमीन जात होती.

व्याख्यानमाला चालते कशी?

वसंत व्याख्यानमालेची चौकट साधी होती आणि म्हणूनच ती टिकली. एक संस्था, ठरलेले दिवस, रोज एक वक्ता, एक विषय. पुढे वक्तृत्वोत्तेजक सभा हे काम पाहू लागली. नावातच उद्देश आहे. लोकांनी फक्त ऐकायचे नव्हते, बोलायलाही शिकायचे होते.

याचे महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. कीर्तन, पुराण आणि प्रवचन या बोलण्याच्या पद्धती महाराष्ट्रात शेकडो वर्षांच्या होत्या. पण तिथे विषय धर्माचा आणि वक्ता अधिकारी पुरुष. त्याला मध्येच प्रश्न विचारून खोडायचे नसे. व्याख्यानात विषय शेतसाऱ्याचा, इतिहासाचा, आरोग्याचा किंवा विज्ञानाचा असू शकत होता. वक्त्याचे म्हणणे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येई आणि त्यावर उलट मतही छापले जाई. उत्तर देता येणे हा या नव्या पद्धतीचा गाभा होता.

त्याच १८७५ च्या पावसाळ्यात याची परीक्षा झाली. आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांना बोलावण्यात रानडे यांचा पुढाकार होता. बुधवार पेठेत त्यांची व्याख्याने झाली. त्यांपैकी १५ पुढे पुस्तकरूपाने आली. शेवटी मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून दंगा केला, चिखलफेक झाली. त्या मिरवणुकीत रानडे चालत होते. महात्मा फुलेही होते. एका वक्त्याला बोलू द्यायचे की नाही, यावर शहर दोन भागांत विभागले गेले होते.

पुस्तक लिहिणाऱ्यांना एकत्र आणले

१८७८ मध्ये रानडे यांची बदली नाशिकला झाली. तिथे लोकहितवादीही न्यायाधीश होते. दोघांनी फेब्रुवारी १८७८ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’मधून मराठी ग्रंथकारांना एकत्र येण्याचे आवाहन केले. ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत ग्रंथकारांची सभा भरली. महिना पुन्हा सुटीचाच होता. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची मोजणी याच सभेपासून होते. २०२५ मध्ये दिल्लीत भरलेले संमेलन ९८वे होते, ते या हिशेबाने.

या सभेमागचा विचार व्यवहारी होता. मराठीत पुस्तके निघत, पण ग्राहक थोडे. ग्राहक थोडे म्हणून किंमत जास्त आणि किंमत जास्त म्हणून ग्राहक थोडे. लेखकाचा छपाईचा खर्चही निघत नसे. लेखक, वाचक आणि वाचनालये यांची सांगड घातल्याशिवाय हे चक्र तुटणार नव्हते. मराठीत किती आणि कोणत्या विषयांची पुस्तके निघतात, याचा आढावा रानडे यांनी वेळोवेळी घेतला. १८९८ मध्येही त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिले. त्याआधी १८९४ मध्ये चांगल्या ग्रंथांची मराठी भाषांतरे व्हावीत म्हणून एक स्वतंत्र मंडळी स्थापण्यातही ते होते.

सरकारला मात्र या हालचाली संशयास्पद वाटत होत्या. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड आणि पुण्यातल्या बुधवार वाड्याची आग, यानंतर रानडे यांना धुळ्याला पाठवले गेले. तिथे त्यांची टपाले तपासली जात. व्याख्याने आणि सभा यांतून उठाव होईल, ही भीती त्यामागे होती. संशय फिटायला काही काळ गेला.

फुले यांनी नकार का दिला?

ग्रंथकारांची दुसरी सभा २४ मे १८८५ रोजी पुण्यात भरली. रानडे यांनी महात्मा जोतीराव फुले यांनाही निमंत्रण पाठवले. फुले यांनी ते नाकारले. त्यांचे उत्तर ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून हक्क नाहीत, त्यांच्या सभेत बसून आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय होता.

त्याच वर्षी दुसरा वाद झाला. शेतकऱ्याची स्थिती तीस वर्षांपूर्वीपेक्षा सुधारली आहे, असे रानडे यांनी एका भाषणात मांडले होते. फुले यांनी ‘इशारा’ नावाची पुस्तिका काढून ते खोडून काढले. भाषणाला पुस्तिकेने उत्तर मिळाले. व्याख्यान ही उत्तर देण्याजोगी गोष्ट आहे, हे रानडे यांचेच तत्त्व त्यांच्यावर उलटले.

फुले यांच्याकडे दुसरा नमुनाही होता. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे भाग त्यांनी मुंबई आणि पुण्याबरोबरच जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांसमोर वाचून दाखवले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकले. लेखकाने गावात जाऊन, ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्याच पुढे पुस्तक वाचायचे, असा हा प्रकार होता. रानडे यांची व्याख्यानमाला शिकलेल्यांना शहरात बोलावत होती. फुले पुस्तक घेऊन न शिकलेल्यांकडे जात होते. आज वाचनालयांच्या कार्यक्रमांत या दोन्ही पद्धती दिसतात. त्यांचे मूळ या वादात आहे.

फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनातही हाच मुद्दा होता. वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च करण्याआधी खेड्यातल्या प्राथमिक शाळांकडे पाहा, अशी त्यांची मागणी होती.

नगर जिल्ह्याशी संबंध कसा आला?

दख्खनच्या दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो सुरुवातीला चार जिल्ह्यांना लागू होता : पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर. १८८१ पासून रानडे यांनी या कायद्याखाली साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. १८८७ च्या सुमारास ते विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाईपर्यंत हे काम त्यांच्याकडे राहिले.

या कायद्याने न्यायालयाचे काम बदलले.

• न्यायाधीशाला खतापलीकडे जाता येऊ लागले. मूळ रक्कम किती होती, व्याज कसे चढले, याचा सुरुवातीपासून हिशेब काढता येई.
• कर्ज फेडण्यासाठी हप्ते बांधून देता येत.
• कर्जापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकण्याची वाट बंद झाली.
• खत गावातल्या निबंधकासमोर लिहून नोंदवावे लागे.
• पैसे भरल्याची पावती आणि हिशेबाची वही मागण्याचा हक्क कर्जदाराला मिळाला.
• खटल्याआधी समेट घडवण्यासाठी तडजोड करणारे नेमले गेले.

विशेष न्यायाधीशाचे काम एका जागी बसून होणारे नव्हते. चार जिल्ह्यांतल्या खालच्या न्यायालयांचे निवाडे तपासायचे, चुकीचे असतील तर दुरुस्त करायचे आणि त्यासाठी वर्षाचा मोठा भाग फिरतीवर राहायचे. रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या फिरतीचे वर्णन केले आहे. मुक्कामाच्या गावी कचेरीचे काम उरकले की गावातली शाळा आणि वाचनालय पाहणे, शिक्षक आणि वकिलांशी बोलणे, सभा असेल तर तिथे जाणे, हा त्यांचा क्रम असे. पुण्यातल्या व्याख्यानमालेची कल्पना तालुक्याच्या गावांपर्यंत जायला अशा फेऱ्यांचा उपयोग झाला.

कायद्यातली पावती आणि हिशेबाची वही यांची तरतूद पुन्हा वाचण्यासारखी आहे. पावती मागायचा हक्क मिळाला, पण ती वाचता आली तरच तो हक्क कामाचा. कर्जनिवारणाचा प्रश्न इथे साक्षरतेच्या प्रश्नाला येऊन मिळतो. कायद्याने सावकारी संपली नाही. अनेक ठिकाणी सावकारांनी गहाणाऐवजी सरळ विक्रीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. रानडे यांनी नंतरच्या आर्थिक लेखनात स्वस्त कर्ज देणाऱ्या संस्था आणि उद्योगांची वाढ यांवर जोर दिला, त्यामागे हा फिरतीतला अनुभव होता.

घरातली शाळा

पहिली पत्नी १८७३ मध्ये वारल्यानंतर रानडे यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत टीका झालेला निर्णय आहे. ते विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी होते. त्यांनी विधवेशी लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले.

लग्नानंतर रात्रीच्या वेळी त्यांनी रमाबाईंना मराठी आणि मग इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे पटत नव्हते. दिवसभर टोमणे आणि रात्री धडा, असे बरेच दिवस गेले. नाशिकला असताना रमाबाई स्त्रियांच्या बैठकांना जाऊ लागल्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्यावर त्यांच्या सभांनाही त्या जात.

पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवे, अशी मागणी घेऊन गव्हर्नरांसमोर झालेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. घरी त्यावरून वादळ झाले. १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. तिच्या उभारणीत रानडे, भांडारकर आणि वामन आबाजी मोडक होते. १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे प्रौढ स्त्रियांना लिहायला, वाचायला आणि परिचारिकेचे काम शिकायला मिळू लागले. व्याख्यानमालेच्या श्रोत्यांत ज्यांना जागा नव्हती, त्या स्त्रियांसाठीची ही वाट रानडे यांच्या घरातून निघाली होती.

चहाचा एक पेला आणि प्रायश्चित्त

१८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा दिला गेला. हजर असलेल्यांत रानडे, टिळक आणि गोखलेही होते. ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याची यादी वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण धर्मपीठापर्यंत गेले. बहिष्काराची टांगती तलवार आली. १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या अडचणी कमी व्हाव्यात, हा त्यांचा हेतू होता. पण अनेक सुधारक दुखावले गेले.

समाजाला सोबत घेऊन, तुटेल इतके न ताणता पुढे जायचे, ही रानडे यांची पद्धत होती. १८८७ मध्ये त्यांनी सामाजिक परिषद सुरू केली. ती दरवर्षी काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर, त्याच मंडपात भरे. १८९५ च्या पुणे अधिवेशनात टिळक पक्षाने याला विरोध केला. काँग्रेसचा मंडप सामाजिक परिषदेला मिळू नये, असा आग्रह धरला गेला. रानडे यांनी वाद न वाढवता परिषद दुसरीकडे घेतली. सार्वजनिक सभाही त्यांच्या गटाच्या हातून गेली. १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा नावाची नवी संस्था काढली.

बोलण्यात रानडे फडाचे वक्ते नव्हते. टाळ्या घेणारी वाक्ये त्यांच्याकडे नसत. ते बहुधा तयार केलेला निबंध सावकाश मांडत. प्रार्थना समाजातली त्यांची मराठी प्रवचने ‘धर्मपर व्याख्याने’ म्हणून संग्रहित झाली. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेले व्याख्यान त्या विषयातला पाया मानले जाते. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये आला. त्याच वर्षी त्यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवर मुंबईत निबंध वाचला. पुढच्या जानेवारीत, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ते गेले.

नंतर काय राहिले?

गोपाळ कृष्ण गोखले त्यांना गुरू मानत. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. पुण्यात रानडे यांच्या नावाने अर्थशास्त्राची संस्था उभी राहिली. वसंत व्याख्यानमाला अजूनही २१ एप्रिल ते २० मे या काळात भरते. १९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळू लागले. त्यामुळे व्याख्यानाला जागा आणि पुस्तकाला कपाट तालुक्याच्या गावीही मिळाले.

रानडे यांच्यावरचे सर्वांत महत्त्वाचे व्याख्यान मात्र १९४३ चे आहे. त्यांच्या १०१व्या जयंतीला, १८ जानेवारी १९४३ रोजी, डेक्कन सभेने पुण्यातल्या गोखले हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बोलावले. आंबेडकरांनी रानडे यांची तुलना गांधी आणि जिना यांच्याशी केली. समाजसुधारणेशिवाय राजकीय हक्क पोकळ राहतात, हे ओळखणारा माणूस म्हणून त्यांनी रानडे यांना मोठे मानले. त्यांच्या पक्षाच्या मर्यादाही त्यांनी तिथेच सांगितल्या. हे भाषण त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाले. १८८५ मध्ये फुले यांनी ज्या सभेचे निमंत्रण नाकारले, त्याच परंपरेच्या व्यासपीठावर ५८ वर्षांनी आंबेडकर मुख्य वक्ते होते.

एका नजरेत

• १८४२ : निफाड येथे जन्म
• १८५९ : मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण
• १८७१ : पुण्यात न्यायाधीश
• १८७५ : वसंत व्याख्यानमालेची सुरुवात. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दख्खनचे दंगे
• १८७८ : हिराबागेत ग्रंथकारांचे संमेलन
• १८७९ : कर्जनिवारण कायदा नगरसह चार जिल्ह्यांना लागू
• १८८४ : हुजूरपागेची मुलींची शाळा
• १८८५ : फुले यांचा नकार आणि ‘इशारा’
• १८८७ : सामाजिक परिषद सुरू
• १८९३ : मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश
• १९०१ : निधन
• १९४३ : रानडे यांच्यावर डॉ. आंबेडकर यांचे पुण्यात व्याख्यान